नवशिक्याचें युनिक्स आणि जुना संगणक

१९९४-९५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेंतील एखाद्या मध्यमवर्गीय घरांत रात्रीं उशिरां घडणारा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. घरांतील माणसें निजलीं आहेत. चार-पांच वर्षांपूर्वीं घेतलेल्या, आणि बाजारानें एव्हांना म्हातारा ठरविलेल्या संगणकासमोर घरांतील विद्यार्थी एकटा बसला आहे. दुपारपासून त्यानें दोन डझनांहून अधिक फ्लॉप्या एकामागून एक यंत्राच्या तोंडांत घातल्या व काढल्या. अखेरीस यंत्र पुन्हां सुरू करावें अशी सूचना आली. त्यानें तें सुरू केलें. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यांत दोन रोमन अक्षरें उमटलीं: एल आणि आय. त्यापुढें कांहींच नाहीं. कळफलकावरील कोणतीही कळ दाबली तरी उत्तर नाहीं. आणि त्याच डिस्कवर वडिलांचे हिशेब, बहिणीचा प्रबंध व आईचीं पत्रें आहेत.

त्या विद्यार्थ्याला वाटतें कीं आपल्या अज्ञानामुळें घराचें मोठें नुकसान झालें. वस्तुतः तसें झालेलें नाहीं. तीं दोन अक्षरें म्हणजे यंत्रानें दिलेली जबानी आहे. यंत्र किती पायऱ्या चढलें आणि कोणत्या पायरीवर अडखळलें, हें त्यांत नेमकें सांगितलें आहे. मात्र ती जबानी वाचतां येण्यास युनिक्स कोठून आलें, घरगुती संगणक कोठून आला, आणि या दोघांची गांठ कशी पडली, हा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. नवशिक्याला भेटणारी बहुतेक प्रत्येक अडचण ही पूर्वीं कोणीं तरी घेतलेल्या एखाद्या निर्णयाची मागें राहिलेली खूण असते.

युनिक्स ही एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची मेमरी, डिस्क, कळफलक व पडदा यांचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली होय. तिचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, बेल प्रयोगशाळेंत झाला. आणि नवल असें कीं तोही एका जुन्या, अडगळींत पडल्यासारख्या यंत्रावर. मल्टिक्स नांवाच्या एका भव्य योजनेंतून बेल प्रयोगशाळा त्याच वर्षीं बाहेर पडली होती. त्या योजनेंत काम केलेले केन थॉम्प्सन यांना नवें यंत्र मिळण्याचीं चिन्हें दिसेनात. तेव्हां त्यांनीं फारसें वापरांत नसलेलें पीडीपी-७ हें यंत्र शोधून काढलें. त्याची मेमरी १८ बिटांच्या ८,१९२ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें सुमारें १८ किलोबाइट होती. पत्नी व मूल कांहीं आठवडे परगांवीं गेलीं असतां थॉम्प्सन यांनीं मूळ प्रणाली, आज्ञा ऐकून घेणारा शेल, मजकूर दुरुस्त करणारा एडिटर आणि असेंब्लर यांना एकेक आठवडा दिला, आणि महिनाभरांत या व्यवस्थेचा पाया घातला गेला. डेनिस रिची हे या कामांतील त्यांचे प्रमुख सहकारी. १९७३ मध्यें ही प्रणाली रिची यांच्या 'सी' या भाषेंत नव्यानें लिहिली गेली, आणि तेव्हांपासून ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणें शक्य झालें.

या जन्मकथेंतील दोन गोष्टी पुढें नवशिक्यांच्या वांट्याला आल्या. पहिली, युनिक्सचें मितभाषित्व. त्या काळीं संगणकाशीं संभाषण टेलिटाइप यंत्रावरून होई. तें सेकंदाला अवघीं दहा-एक अक्षरें कागदावर टंकित करी. अक्षर अक्षर मोलाचें. त्यामुळें आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या झाल्या, आणि काम बिनबोभाट पार पडलें तर प्रणालीनें कांहींच बोलूं नये, असा रिवाज पडला. वापरणारे सारे एकाच इमारतींतील जाणते लोक. न कळलें तर शेजारच्या खोलींत जाऊन विचारावें. हें मौन पंचवीस वर्षांनंतर एखाद्या घरांत एकट्यानें बसलेल्या मुलाला किती भीतिदायक वाटेल, याचा विचार करण्याचें त्यांना कारण नव्हतें.

दुसरी गोष्ट कायद्याची. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली दूरध्वनि-कंपनी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीनें बांधलेली होती; तिला संगणकाचा धंदा करण्याची मोकळीक नव्हती. म्हणून विश्वविद्यालयांना युनिक्स नाममात्र शुल्कांत, मूळ लिखाणासह दिलें जाई, पण दुरुस्तीची वा मदतीची कोणतीही हमी नसे. बिघडलें तर आपलें आपण पाहावें. परिणाम उलटाच झाला. १९७४ मध्यें न्यूयॉर्क येथें युनिक्स वापरणाऱ्यांची पहिली सभा भरली, आणि एकानें शोधलेला दोष व त्यावरील उपाय दुसऱ्यानें वापरावा, अशी देवघेव सुरू झाली. विक्रेत्यानें अंग काढून घेतल्यामुळें वापरणारेच एकमेकांचे वैद्य बनले. या परंपरेचा उपयोग पुढें आपल्या कथेंतील विद्यार्थ्याला होणार आहे.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळावें. घरगुती संगणकाची वंशावळ अगदीं निराळी आहे. आयबीएम कंपनीनें १९८१ मध्यें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला. त्यांतील ८०८८ या प्रोसेसरला एका आज्ञावलीपासून दुसरीचें रक्षण करण्याची सोय नव्हती. डॉस ही त्याची प्रणाली एका वेळीं एका माणसाचें एकच काम पाहणारी. १९८३ च्या एक्सटी या यंत्रांत १० मेगाबाइटांची डिस्क आली, तेव्हां ती कोठी कोणाला कधीं भरतां येईल असें वाटेना. त्या वेळीं डिस्क वाचण्यासंबंधीं जे नियम यंत्राच्या पोटांतील बायॉस या मूळ आज्ञावलींत घालण्यांत आले, ते इतक्याच गरजा ध्यानीं घेऊन. १९८५ मध्यें इंटेल कंपनीचा ८०३८६ हा प्रोसेसर आला. मेमरीची पानें पाडून प्रत्येक आज्ञावलीस आपापल्या कुंपणांत ठेवण्याची शक्ति त्याच्यांत होती. म्हणजे युनिक्सला लागणारी सर्व सामग्री आतां घरांत येऊन पोंचली. पण बहुतेक घरीं त्यावर डॉसच चाले. वाड्याला दहा खोल्या असाव्यात, आणि मालकानें ओसरीवरच संसार थाटावा, तसा हा प्रकार होता.

युनिक्स घरीं आणण्याच्या वाटेंत पैसा आडवा होताच, त्याहून मोठा अडसर हक्काचा होता. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विश्वविद्यालयाचे जॉन लायन्स यांनीं युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठीं ओळ-ओळ उलगडणारी टीका लिहिली होती. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर मूळ लिखाण वर्गांत शिकविण्यास मनाई झाली, आणि लायन्स यांच्या टिपणांच्या प्रती जगभर हातोहात नकलून फिरूं लागल्या. ही कोंडी फोडण्यासाठीं ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं बेल कंपनीची एकही ओळ न घेतां मिनिक्स नांवाची लहानशी प्रणाली स्वतः लिहिली, व १९८७ मध्यें आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. साध्या आयबीएम पीसीवर, हार्ड डिस्क नसली तरी, ती चालत असे. पण तिचा हेतु शिकविण्याचा होता. ती सुबोध राहावी म्हणून टॅनेनबॉम तिच्यांत भर घालण्यास सहसा राजी नसत.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी याच पुस्तकाचा वाचक. जानेवारी १९९१ मध्यें त्यानें हप्त्यांनीं एक ३८६ संगणक घेतला. मेमरी ४ मेगाबाइट. त्यावर मिनिक्स चढविलें. विश्वविद्यालयाच्या संगणकाशीं दूरध्वनीवरून जोडून घेणारी मिनिक्समधील आज्ञावली त्याच्या मनास येईना, म्हणून त्यानें स्वतःची लिहावयास घेतली. तिला डिस्कवर लिहितां यावें म्हणून एक भाग जोडला, फाइली वाचतां याव्यात म्हणून दुसरा. आणि पाहतां पाहतां एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सांगाडा उभा राहिला. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें मिनिक्स वापरणाऱ्यांस उद्देशून ही वार्ता जाहीर केली, व आपला हा केवळ छंद आहे असें नम्रपणें सांगितलें. सप्टेंबरांत पहिलें लिखाण सर्वांस खुलें झालें. पुढें यालाच लिनक्स हें नांव रूढ झालें. काटेकोर अर्थानें तें मूळ युनिक्स नव्हे. पण चालरीत सारी युनिक्सची, आणि घरोघरच्या नवशिक्यांना युनिक्सची पहिली ओळख बहुधा त्याच्याच रूपानें झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ज्या प्रमादाच्या भीतीनें नवशिक्याचा हात थरथरतो, तो प्रमाद खुद्द टोरवाल्ड्सच्या हातून घडला आहे. १९९१ च्या अखेरीस त्यानें मोडेमला विश्वविद्यालयाचा क्रमांक लावण्याची आज्ञा द्यावयास घेतली, आणि मोडेमऐवजीं हार्ड डिस्कचें नांव टंकित केलें. युनिक्समध्यें प्रत्येक उपकरण हें फाइलीसारखेंच मानलें जातें. तेव्हां प्रणालीनें निमूटपणें तो संदेश डिस्कवर लिहिला, आणि मिनिक्सचा विभाग निकामी झाला. मिनिक्स पुन्हां चढवावें कीं आपल्याच अपुऱ्या प्रणालीवर राहावें, असा प्रश्न पडला. त्यानें दुसरा मार्ग धरला. लिनक्सला स्वतःच्या पायांवर उभें राहणें भाग पडलें, तें या चुकीमुळें.

त्याच हिवाळ्यांतील आणखी एक हकीकत या इतिहासाचा गाभा आहे. जर्मनींतील एका गृहस्थाजवळ अवघ्या २ मेगाबाइट मेमरीचा संगणक होता. त्याला लिनक्सचें लिखाण आपल्या यंत्रावर यंत्रभाषेंत उतरवावयाचें होतें. पण त्या कामाचा कंपायलरच मेगाबाइटाहून अधिक जागा खाई, आणि मेमरी अपुरी पडून काम बंद पडे. लहान कंपायलरावर भागेल काय, असें त्यानें विचारलें. टोरवाल्ड्सच्या यंत्रांत ४ मेगाबाइट होतीं. त्याला स्वतःला ही अडचण नव्हती. तुझें यंत्रच तोकडें आहे, नवें घे, असें सांगून तो मोकळा होऊं शकला असता. त्याऐवजीं नाताळच्या दिवसांत बसून त्यानें अशी सोय लिहिली कीं, मेमरी भरली म्हणजे तींतील सध्यां न लागणारीं पानें डिस्कवर नेऊन ठेवावीं, आणि लागतील तेव्हां परत आणावीं. तेवीस-चोवीस तारखांना ती कशीबशी चालूं लागली व पुनःपुन्हां कोसळली. पंचवीस डिसेंबरला ती पुरी झाली. मिनिक्समध्यें ही सोय नव्हती. जानेवारी १९९२ च्या आवृत्तींतून ती सर्वांच्या हातीं गेली, आणि जे तोंवर मिनिक्सवर समाधानी होते त्यांतील कित्येक या नव्या प्रणालीकडे वळले. सर्वांत दुबळ्या यंत्राच्या मालकानें मांडलेल्या एका गाऱ्हाण्यानें या प्रणालीचें बळ वाढविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या देणगीचें मोल पुढच्या नवशिक्यांना कळलें. १९९२ पासून लिनक्सचे निरनिराळे जमवून दिलेले संच मिळूं लागले. त्यांपैकीं पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचा स्लॅकवेअर हा संच जुलै १९९३ मध्यें निघाला; तो चोवीस फ्लॉप्यांवर मावत असे. एका फ्लॉपीनें यंत्र सुरू करावयाचें, दुसरीवरून तात्पुरती प्रणाली मेमरींत घ्यावयाची, डिस्कचे विभाग पाडावयाचे, आणि मग क्रमानें बाकीच्या फ्लॉप्या भरावयाच्या. ज्यांच्याजवळ ४ मेगाबाइट किंवा त्याहून कमी मेमरी असे, त्यांचें काम बहुधा मध्येंच थांबे. कारण तात्पुरत्या प्रणालीनेंच बरीचशी मेमरी व्यापलेली असे. त्यावर उपाय एकच: डिस्कचा एक लहान विभाग आधीं त्या 'पानें ठेवण्याच्या' कामासाठीं नेमून द्यावा, तो हातानें सुरू करावा, आणि मगच पुढें जावें. जर्मनींतील गृहस्थाची अडचण अशा रीतीनें शेंकडों जुन्या यंत्रांचा उद्धार करून गेली.

फ्लॉप्यांचें दुखणें निराळें. वर्षानुवर्षें खणांत पडलेल्या फ्लॉपीवरील एखादा सेक्टर खराब निघे, आणि चोवीसांपैकीं सतरावी वाचली जात नसे. अशा वेळीं नवशिका प्रणालीला दोष देई. जाणते सांगत कीं, ती फ्लॉपी फेकून द्यावी, नवी घेऊन तेवढीच पुन्हां लिहावी. मागील सोळांचें काम फुकट गेलेलें नाहीं. डिस्कचे विभाग पाडतांना मात्र खरी जोखीम असे. संपूर्ण डिस्क डॉसनें व्यापलेली. तिची सीमा आंत सरकविणारी आज्ञावली उपलब्ध होती, पण डॉसच्या विस्कळित फाइली आधीं एका बाजूस गोळा कराव्या लागत. घरच्या कागदपत्रांची वेगळी प्रत काढल्यावांचून हें काम हातीं घेऊं नये, असें प्रत्येक मार्गदर्शिकेंत सुरुवातीलाच बजावलेलें असे. आणि उतावीळ वाचक नेमकें तेंच पान उलटीत असे.

आतां त्या दोन अक्षरांकडे येतां येईल. संगणक सुरू होतांच बायॉस डिस्कचा अगदीं पहिला सेक्टर वाचतो. तो अवघ्या ५१२ बाइटांचा. त्यांत ६४ बाइट विभागांच्या कोष्टकास व २ बाइट खुणेस जातात. उरलेल्या ४४६ बाइटांत प्रणाली हांक मारून उठविणारी आज्ञावली बसवावी लागते. लिनक्ससाठीं हें काम वेर्नर आल्मेसबर्गर यांनीं लिहिलेली लिलो नांवाची आज्ञावली करी. इतक्या लहान जागेंत सविस्तर निरोप लिहिणें अशक्य. म्हणून तिनें एक युक्ति केली. तिच्या नांवांत चार अक्षरें आहेत, आणि प्रत्येक टप्पा पार पडला म्हणजे त्यांतील एक अक्षर पडद्यावर उमटतें. पहिलें एल म्हणजे पहिला टप्पा सुरू झाला. आय म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून मेमरींत आणला व त्याच्या हातीं कारभार सोंपविण्याची वेळ आली. दुसरें एल त्या टप्प्यानें स्वतः उमटवावयाचें, आणि चौथें अक्षर ओ आलें म्हणजे सर्व कुशल. एल आणि आय एवढेंच दिसलें, याचा अर्थ दुसरा टप्पा म्हणून जें मेमरींत आणलें, तें भलतेंच कांहीं तरी होतें. दिलेल्या पत्त्यावर दुसराच बिऱ्हाडकरू राहत होता.

पत्ता चुकला कसा? डिस्क म्हणजे फिरणाऱ्या चकत्यांची चवड. तींवरील जागा सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन आंकड्यांनीं सांगण्याची रीत होती. १० मेगाबाइटांच्या काळांतील बायॉसनें सिलिंडरच्या आंकड्यासाठीं १० बिट राखले, म्हणजे १,०२४ च्या पुढें मोजणी नाहीं. पुढें आलेल्या आयडीई जातीच्या डिस्कना हेडची संख्या १६ हून अधिक सांगतां येत नसे. दोघांच्या मर्यादा एकत्र आल्या, कीं १,०२४ गुणिलें १६ गुणिलें ६३ सेक्टर गुणिलें ५१२ बाइट, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट एवढीच जागा पोंचेंत येई. १९९० नंतरच्या दशकांत डिस्क याहून मोठ्या झाल्या, तेव्हां बायॉस लिहिणाऱ्यांनीं आंकड्यांची उलटापालट करून खोटी मोजणी सांगावयास प्रारंभ केला. लिनक्स मात्र डिस्कलाच विचारून खरी मोजणी घेई. एकाच घराला दोन नगरपालिकांनीं दोन क्रमांक द्यावेत, आणि पोस्टमननें गोंधळून जावें, तसें लिलोचें झालें.

यांत विद्यार्थ्याचा अपराध कोणता? मुळींच नाहीं. १९८० नंतरच्या दशकांतील काटकसरीचें कर्ज त्याच्या पडद्यावर वसूल होत होतें. उपाय साधे होते: फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावें, लिलोच्या मांडणींत पत्ते सरळ अनुक्रमांकांनीं सांगण्याची सूचना घालावी, किंवा डिस्कच्या अगदीं आरंभीं लहानसा विभाग करून प्रणालीचा गाभा तेथें ठेवावा, आणि लिलो पुन्हां एकदां बसवावी. ज्याला हें नको असेल त्यानें डॉसच्या फ्लॉपीवरून एकच आज्ञा दिली, कीं पहिल्या सेक्टरांतील आज्ञावली पूर्ववत् होई. वडिलांचे हिशेब आणि आईचीं पत्रें जेथल्या तेथें शाबूत असत. बदललें होतें तें फक्त दाराशीं बसणाऱ्या ४४६ बाइटांत. २००० सालच्या सुमारास लिलोनें बायॉसची नवी, विस्तृत मोजणी वापरावयास आरंभ केला, आणि १,०२४ सिलिंडरांची अडचण हळूहळू विस्मरणांत गेली.

दुसरा एक बिघाड याहून फसवा होता. प्रणाली नीट बसली, आणि उत्साहानें विद्यार्थी तिचा गाभा स्वतः कंपाइल करावयास बसला. ३८६ यंत्रावर या कामास कित्येक तास लागत. मध्येंच काम थांबे, आणि 'सिग्नल ११' असा निरोप येई. त्याचा अर्थ, आज्ञावलीनें स्वतःची नसलेली मेमरी हाताळली म्हणून प्रणालीनें तिला बंद केलें. साहजिकच संशय कंपायलरावर जाई. परंतु अनुभवी लोकांनीं एक सोपी कसोटी सांगून ठेविली होती: कांहीं न बदलतां काम पुन्हां सुरू करावें. तें पुन्हां त्याच ओळीवर थांबलें, तर दोष लिखाणांत; निराळ्याच ठिकाणीं थांबलें, तर दोष यंत्रांत, आणि बहुधा मेमरीच्या पट्टींत. त्याच यंत्रावर डॉस वर्षानुवर्षें निर्धोक चालत होता, असें मालक शपथेवर सांगे, आणि तें खरेंही असे. कंपायलर मेमरीचा कोपरा न् कोपरा पुनःपुन्हां तुडवी. डॉसची रहदारी तितकी नव्हती, आणि कुंपण ओलांडणाऱ्याला तेथें कोणी हटकतही नसे. रोग जुनाच होता, युनिक्सनें तो उघडकीस आणला.

चित्रमय पडद्याची व्यवस्था लावणें हा तर धाडसाचाच भाग. त्या काळच्या कांचेच्या नळीच्या मॉनिटरांत इलेक्ट्रॉनांचा किरण सेकंदाला ठराविक वेळां आडव्या रेघा ओढी; साध्या व्हीजीए पडद्यासाठीं सुमारें ३१,५००. एक्सफ्री८६ या आज्ञावलीला हे आंकडे मालकानेंच सांगावे लागत, आणि मॉनिटरची माहितीपुस्तिका बहुतेकांनीं केव्हांच हरविलेली असे. आंकडा चुकला तर चित्र फाटे, किंवा नळींतून बारीक शीळ ऐकूं येई. तत्क्षणीं मॉनिटर बंद करावा, नाहीं तर जुना मॉनिटर कायमचा निकामी होण्याचा संभव आहे, अशी ताकीद तिच्या दस्तऐवजांतच होती.

ही सर्व विद्या कोणत्याही एका पाठशाळेंत मिळत नव्हती. १९९२ नंतर लार्स विर्झेनियस, मॅट वेल्श प्रभृति मंडळींनीं लिनक्सच्या मार्गदर्शिका जमविण्याचें काम हातीं घेतलें. जो अडला त्यानेंच पुढच्यासाठीं लिहून ठेवावें, हा त्यांचा दंडक. मदत मागण्याचीही एक शिस्त ठरत गेली. 'चालत नाहीं' या दोन शब्दांना उत्तर मिळत नसे. कोणती आवृत्ति, कोणतें यंत्र, किती मेमरी, पडद्यावर अक्षरशः काय उमटलें, आणि त्यापूर्वीं काय बदललें, हें सांगावें लागे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा; दोन बदलल्या तर बरें कशानें वाटलें तें कळत नाहीं. वैद्यानें नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याला जे प्रश्न विचारावेत, त्यांहून हे निराळे नव्हते. पुष्कळदां असें होई, कीं प्रश्न नीट लिहितां लिहितांच विचारणाऱ्याला उत्तर सांपडे.

भारतांत ही लाट कांहीं वर्षांनीं आली. मुंबईसह चार महानगरांतून सामान्य ग्राहकांना इंटरनेटची सोय १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागली. पण दूरध्वनीच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणें घरगुती माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्या दशकाच्या उत्तरार्धांत संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येऊं लागल्या, आणि अंकाच्या किमतींत युनिक्स घरांत आलें. फ्लॉप्यांचा जाच संपला, तरी मेमरी, डिस्कची मोजणी व मॉनिटर यांचे प्रश्न येथेंही तेच होते. येथें एक निराळी निकड होती: कचेरीनें टाकून दिलेलें किंवा नातेवाइकांकडून आलेलें जुनें यंत्र टाकून नवें घेणें पुष्कळांना परवडणारें नव्हतें. जुन्या यंत्राला काम करावयास लावणें ही त्यांच्या दृष्टीनें हौस नसून गरज होती.

काळाचा न्याय मात्र कठोर आहे. डिसेंबर १९१२ नव्हे, तर त्याच्या बरोबर शंभर वर्षांनंतर, डिसेंबर २०१२ मध्यें, ३८६ प्रोसेसरसाठीं लिनक्समध्यें जपून ठेवलेला भाग काढून टाकण्यांत आला, आणि १९१३ नंतर शतकानें, म्हणजे २०१३ च्या आरंभीं निघालेल्या ३.८ या आवृत्तीपासून तें ज्या जातीच्या यंत्रावर जन्मास आलें त्या यंत्रावर चालेनासें झालें. त्या भागाची जपणूक करण्याचा त्रास फार होता, हें कारण खरें होतें, आणि टोरवाल्ड्स यांनींही त्याबद्दल हळहळ व्यक्त केली नाहीं. जर्मनींतील गृहस्थाचें २ मेगाबाइटांचें यंत्र आतां कोठें असेल, कोण जाणे.

पण पानें डिस्कवर नेण्याची सोय अद्याप लिनक्समध्यें आहे. ज्या यंत्रांत मेमरी शेंकडों पटींनीं वाढली, त्यांतही ती अडीअडचणीला उपयोगीं पडते. १९९१ च्या नाताळांत एका माणसाचें गाऱ्हाणें कमी प्रतीचें म्हणून झिडकारलें गेलें असतें, तर ती तेव्हां लिहिली गेली नसती. त्या रात्रीं दोन अक्षरांसमोर हताश होऊन बसलेल्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं तीं जशींच्या तशीं कागदावर उतरून एखाद्या जाणत्याला विचारलें असेल, तर त्यालाही आपलें उत्तर मिळालें असेल. आणि मग तेंच उत्तर त्यानें तिसऱ्या कोणाला तरी सांगितलें असेल.